भिंतीचे तिसरे वाचन

दिवाळी अंकासाठी टीकालेख लिहावयाचा म्हणजे वर्षभरातील एखादी गाजलेली कादंबरी हाती घ्यावी, तिचे थोडे कौतुक करावे, थोडे दोष दाखवावेत आणि शेवटी लेखकाकडून मोठ्या अपेक्षा व्यक्त करून वाचकांना फराळाकडे जाऊ द्यावे, अशी आपल्याकडे वहिवाट आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. दुसऱ्याच्या कादंबरीतील दोष दाखवले तर मत्सराने दाखवले असे लोक म्हणतात, आणि स्तुती केली तर परतफेडीच्या आशेने केली असे म्हणतात. म्हणून यंदा परीक्षणासाठी मी निराळीच कृती निवडली आहे. ती पुस्तक नव्हे, चित्र नव्हे, नाटकही नव्हे. सोलापुरातील भवानी पेठेत आमचे जुने दगडी घर आहे. त्या घराची संगणकावर केलेली प्रतिकृती ही ती कृती.

जुन्या बांधकामांच्या अशा प्रतिकृतींचे सध्या फार कौतुक चालले आहे. लेसरने मोजलेली देवळे, आकाशातून टिपलेले किल्ले मोबाइलच्या पडद्यावर बोटाने फिरवता येतात, आणि फिरवणारा म्हणतो, ‘‘आता काळजी नाही, हे कायमचे राहिले.’’ हे वाक्य खरे किती, एवढाच माझ्या परीक्षणाचा विषय आहे. माझा अधिकार कोणी विचारील तर तो बेताचाच. मी मॅट्रिक झालो, पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, आणि वीस वर्षे मुलांना मडके नि खुर्ची काढावयास शिकवीत आलो. या वीस वर्षांत एक गोष्ट कळली. मूल मडक्याची बाहेरची रेषा कितीही हुबेहूब काढो, आत पाणी आहे की नाही हे त्या रेषेवरून कळत नाही.

आता घराविषयी. जोते काळ्या दगडाचे. भिंती दीड हात रुंद. वर पूर्वी माळवद होते. ते फार गळू लागल्यावर वडिलांच्या वेळी पत्रे आले. मागे परस, परसात न्हाणी, आणि न्हाणीला लागून असलेली परसदारची भिंत. घरात आम्हा तीन चुलतभावांचे संसार आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या भिंतीने पोट काढले. थोरले चुलतभाऊ आप्पा म्हणाले, ‘‘आता हिची सेवा पुरे. पाडू या. चार मजले होतील, तिघांना तीन आणि खाली दुकान.’’ त्यांच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. त्यांच्या मुलाचे लग्न ठरत आले होते आणि घरात नव्या जोडप्याला खोली नव्हती. जुन्या घराविषयी हळवे होणे हे ज्याला खोली पुरते त्याला परवडते, हे मला तेव्हाही कळत होते.

याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. शाळेत असताना त्याची चित्रकला यथातथाच होती. आता तो मोजणीच्या कामात आहे. घर पडणार हे कळताच तो म्हणाला, ‘‘सर, मी याची प्रतिकृती करून देतो. घर गेलं तरी राहील.’’ त्याचा हेतू प्रेमाचा होता. पण ‘गेलं तरी राहील’ हे शब्द माझ्या मनात खड्यासारखे टोचत राहिले.

मे महिन्यात दोन दिवस तो घराभोवती फिरला. भिंतींवर त्याने कागदी खुणा चिकटवल्या आणि त्यांच्यातील अंतरे फितीने मोजली. मग पाऊलभर सरकत सरकत सहाशेच्या वर छायाचित्रे घेतली, प्रत्येक आधीच्या छायाचित्रावर बरेचसे चढलेले. यातले तंत्र चमत्काराचे नसून आपल्या दोन डोळ्यांचेच आहे. एका दगडाचा कोपरा तीनचार छायाचित्रांत वेगवेगळ्या बाजूंनी दिसला म्हणजे तो अवकाशात नेमका कोठे असला पाहिजे याचे गणित संगणक मांडतो. असे लक्षावधी कोपरे जागच्या जागी बसले की बिंदूंचा एक ढग तयार होतो, आणि त्यावर छायाचित्रांची कातडी ताणली की घर उभे राहते. लेसरचे यंत्र निराळ्या रीतीने तेच करते. ते प्रकाशाचा किरण भिंतीवर फेकते आणि परतलेल्या किरणावरून अंतर काढते.

सोप्यात सगळे जमलो असताना त्याने ते घर पडद्यावर फिरवून दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोनाड्यातली काजळी, उंबऱ्याची झीज, दारावर कोणा पोराने खडूने काढलेले विमान, सारे होते. आप्पा देखील खूष झाले. पाडण्याची बोचणी जरा कमी झाली असावी. एवढ्यात माझी धाकटी चुलती, जिची खाट त्या परसदारच्या भिंतीला लागून असते, ती म्हणाली, ‘‘छान हाय की. पण रातीला भिंतीतनं माती गळतीया, ती कुठं दिसती ह्यात?’’

त्या प्रतिकृतीवरील पहिले परीक्षण काकूंचे, आणि त्यात भर घालण्यासारखे फार थोडे आहे. तथापि ज्या कृतीवर टीका करावयाची तिच्या जातीतील श्रेष्ठ नमुना आधी पाहावा असा नियम आहे. म्हणून थोडे दूर जाऊ.

पॅरिसचे नोत्र दाम हे आठशे वर्षांहून जुने दगडी देऊळ. अँड्र्यू टॅलन नावाच्या एका कलेतिहासाच्या प्राध्यापकाने २०१० मध्ये लेसरचे यंत्र पन्नासाहून अधिक ठिकाणी मांडून ते सारे मोजले. एक अब्जाहून जास्त बिंदू जमले, आणि चूक काही मिलिमीटरांच्या आत. टॅलन २०१८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१९ रोजी, त्या देवळाचे ओकच्या लाकडाचे छप्पर जळाले, उंच मनोरा कोसळला आणि दगडी छताला भोके पडली. पुनर्बांधणीला टॅलनच्या मोजणीचा उपयोग झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये देऊळ पुन्हा उघडले. ज्याने मोजले त्याने ती आगही पाहिली नाही आणि ते उघडणेही पाहिले नाही. कादंबरीकाराने हे प्रकरण रचले असते तर टीकाकारांनी त्याला योगायोगाबद्दल झोडपले असते.

पण टॅलनच्या कामाचा मोठेपणा आगीपूर्वीच सिद्ध झाला होता. त्याच्या मोजणीत असे दिसले की आतले खांब एका ओळीत नाहीत, आणि पश्चिमेकडील दर्शनी भागातील राजांच्या पुतळ्यांची रांग जवळजवळ फूटभर कललेली आहे. त्यावरून त्याने ताडले की खालची जमीन दबली, बांधणारे थांबले, जमीन स्थिरावू दिली आणि मगच पुढे गेले. दगडाच्या कलण्यावरून माणसांचे थांबणे वाचणे, याला मी उत्तम टीका म्हणतो. त्याने मोजले, आणि जे मोजले ते वाचलेही.

याच देवळाची दुसरीही एक प्रतिकृती आहे, आणि आमच्या आठवीच्या वर्गातील मुलांना तीच ठाऊक आहे. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा संगणकावरचा खेळ २०१४ मध्ये आला. त्यात हे देऊळ आहे, आणि त्याच्या भिंतीवर चढता येते. आग लागली तेव्हा या खेळावरून देऊळ पुन्हा बांधणार अशी आवई जगभर उठली. ते खरे नव्हते. खेळातले देऊळ चित्रकाराने डोळ्याला भव्य वाटावे आणि गड्याला चढता यावे म्हणून रचलेले होते. ते ललित आहे, आणि ललित म्हणून सुंदरही आहे. पण ललिताला दस्तऐवज समजणे ही वाचकाची चूक. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणूनच ही चूक करू नये हे शिकवणे भाग आहे.

आता श्रेष्ठ नमुन्याचीही मर्यादा पाहा. आगीनंतर भिंतींची उघडी पडलेली टोके तपासताना दगड एकमेकांना जखडणारे लोखंडी आकडे मोठ्या संख्येने सापडले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून असे ठरले की ते नंतरच्या डागडुजीचे नसून काही आकडे अगदी आरंभीच्या, बाराव्या शतकातील बांधकामातले आहेत. म्हणजे अब्जावधी बिंदू मोजूनही त्या देवळाची एक मोठी गोष्ट राहून गेली होती. राहणारच. प्रकाश भिंतीच्या पृष्ठभागावरून परततो. तो दगडाच्या आत शिरत नाही.

पॅरिसला लोखंड सापडले म्हणून आपण आश्चर्य करू. पण भिंतीच्या पोटात काय असते याचा याहून कठोर धडा आपल्याला घराजवळ मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. फडताळातली भांडी खणखणली आणि आम्ही सारे बोळात पळालो. आजोबा मात्र दारातच एक हात भिंतीला लावून उभे राहिले, जसा एखादा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. आमची भिंत राहिली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडांखाली गेली. काही आठवड्यांनी कपड्यांची गाठोडी घेऊन शिक्षकांबरोबर आम्ही तिकडे गेलो, तेव्हा एक दृश्य पाहिले ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. कित्येक ठिकाणी लाकडी खण, म्हणजे खांब आणि तुळया, उभे होते. भिंती मात्र त्यांच्या पायाशी ढीग होऊन पडल्या होत्या.

असे का झाले ते पुढे जाणत्यांनी सांगितले. त्या भिंती रुंद होत्या, पण एकसंध नव्हत्या. बाहेरून एक दगडी पडदा, आतून दुसरा, आणि मध्ये माती नि कपच्या. दोन्ही पडद्यांना एकत्र धरणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादरा बसताच दोन्ही पडदे एकमेकांपासून सुटले आणि वरचे माळवदाचे ओझे खाली आले. भारतीय मानकांत आज स्पष्ट सांगितले आहे की अशा भिंतीत उंचीला दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीला दर १.२ मीटरला तरी आरपार दगड असावा. २९ सप्टेंबर १९९३ रोजी त्यांतील एखाद्या घराची प्रतिकृती कोणी केली असती, तर ती निर्दोष दिसली असती. हे लिहिताना माझा हात जड होतो. पण हेच सत्य काकूंनी आपल्या एका वाक्यात सांगितले होते.

माझ्या विद्यार्थ्यानेही ते ऐकले होते. आठवड्याने तो दुसरे एक चित्र घेऊन आला. यात तेच घर रंगीत होते, कोठे निळे, कोठे हिरवे, आणि समोरच्या दाराच्या वर लालभडक. लाल म्हणजे जेथे भार सोसवत नाही ती जागा. परसदारची भिंत अगदी शांत निळी.

येथे वाचकांना थोडे मागे नेले पाहिजे. कारण भार कसा वाहतो याची प्रतिकृती ही संगणकाची निर्मिती नव्हे. दिवाळीला दारावर झेंडूचे तोरण दोन खिळ्यांना बांधता, ते मध्ये झोल घेऊन लोंबते. त्या झोलात फुलांची माळ फक्त ताण सोसते. आता तोच झोल मनाने उलटा करा, झाली कमान. जेथे ताण होता तेथे आता दाब आला, आणि दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७५ मध्ये हे तत्त्व अक्षरांच्या कोड्यात लपवून छापले होते. पुढे रोमच्या सेंट पीटर देवळाच्या घुमटाला तडे गेले, तेव्हा जोव्हान्नी पोलेनी याने साखळीला घुमटाच्या निरनिराळ्या भागांच्या प्रमाणात वजने अडकवून ती टांगली, आणि तिचा उलटा आकार घुमटाच्या जाडीच्या आत बसतो हे १७४८ मध्ये छापून दाखवले. घुमट पडणार नव्हता. लोखंडी कडी चढवणे पुरेसे होते. केंब्रिजचे जाक हेमन यांनी १९६६ मध्ये हीच विचारसरणी दगडी बांधकामाचे शास्त्र म्हणून नीट मांडली. तिच्यातून आपल्यासारख्यांनी घ्यावयाचा बोध असा की तडा म्हणजे मरण नव्हे. पुष्कळदा तडा म्हणजे जुन्या बांधकामाने बदललेल्या जमिनीशी केलेली तडजोड असते. सोलापूरच्या शाळांच्या सहली विजापूरला जातातच. गोल घुमटाखाली पोरे ओरडून प्रतिध्वनी ऐकतात तेव्हा मी त्यांना वर पाहावयास सांगतो. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट सतराव्या शतकापासून आपले ओझे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवरून खाली उतरवीत उभा आहे, आणि ते संगणकाला विचारून नव्हे.

मग संगणक काय अधिक करतो? साखळी एका वेळी एकच वाट दाखवते. संगणक साऱ्या भिंतीचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरचा भार मांडतो. पण त्यासाठी भिंत कशाची आहे, चुना किती धरतो, आत भरीव आहे की पोकळ, हे त्याला आधी सांगावे लागते. न सांगितले तर सांगणारा अंदाज करतो, आणि अंदाजाचाही रंग तितकाच ठसठशीत उमटतो. पात्राचे अंतरंग लेखकाला माहीत नसले की तो त्याच्या पोषाखाचे वर्णन मोठ्या आत्मविश्वासाने करतो. मी स्वतः हे केले आहे, म्हणून मला ते ओळखू येते.

आम्ही एका वृद्ध गवंडीमामांना बोलावले. त्यांनी रंगीत चित्र कौतुकाने पाहिले आणि विचारले, ‘‘भिंतीच्या आत काय हाय, हे ह्याला कुणी सांगितलं?’’

विद्यार्थी म्हणाला, ‘‘मी भरीव दगड धरला, मामा.’’

मामांनी उत्तर दिले नाही. हातोडीचा दांडा घेऊन ते परसदारच्या भिंतीवर टकटक करीत चालले. काही अंतर भिंत खणखणीत बोलली. न्हाणीजवळ आवाज एकदम बद्द झाला. ‘‘इथं दोन भिंती हायत,’’ मामा म्हणाले, ‘‘आन् मधी काय बी न्हाई.’’

विद्यार्थ्याने त्याच रात्री आपले गृहीत बदलले. भिंत भरीव न धरता दोन सुट्या पडद्यांची धरली. सकाळी त्याने चित्र पाठवले. दारावरची लाली गेली होती आणि परसदारची भिंत पेटल्यासारखी दिसत होती. घर तेच, मापे तीच, संगणकही तोच. बदल झाला होता तो केवळ एका म्हाताऱ्याच्या कानामुळे.

तरीही भिंत पाडावी की राखावी हे ठरत नव्हते. आप्पांचे म्हणणे रास्त होते: भिंत हलत असेल तर काकूंना तिच्याखाली निजवणे हा शहाणपणा नव्हे. खाट त्याच दिवशी सोप्यात आणली. पण भिंत हलते आहे, की पूर्वीच हलून आता स्थिर झाली आहे? हे एका प्रतिकृतीवरून सांगता येत नाही. ते सांगावयास दुसरी लागते. म्हणून पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात विद्यार्थी पुन्हा आला, त्याच खुणांवरून त्याने पुन्हा छायाचित्रे घेतली आणि दोन्ही घरे एकमेकांवर ठेवली. भिंत १४ मिलिमीटर बाहेर आली होती. आप्पा म्हणाले, ‘‘झालं, निकाल लागला.’’

विद्यार्थी मात्र म्हणाला, ‘‘नाही. ही काळी माती आहे. अजून एक मे महिना जाऊ द्या.’’

हे त्याचे वाक्य मला त्याच्या साऱ्या चित्रांहून मोलाचे वाटते. सोलापूरची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे घर तिच्याबरोबर वर्षातून एकदा श्वास घेते. एका ऋतूत केलेली प्रतिकृती ही त्या श्वासाचा एक क्षण असते. जवळच नळदुर्ग आहे. तेथे बोरी नदीवर सतराव्या शतकात बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. मे महिन्यात त्याची प्रतिकृती केली तर कोरड्या भिंतीतील एक खोली हाती लागेल. पण तो महाल बांधला आहे तो डोक्यावरून नदी कोसळत असताना आत कोरडे उभे राहता यावे म्हणून. त्या दगडांची कसोटी पावसाळ्यात लागते. जे बांधकाम ऋतूंशी झुंजण्यासाठी उभे केले, त्याचे वाचन एका ऋतूत पुरे होत नाही.

तिसरे वाचन यंदाच्या मे महिन्यात झाले. बहुतेक सारी भिंत, फुगलेली जमीन बसताच, जवळजवळ मूळ जागी परतली होती. फक्त न्हाणीजवळचा दोनतीन हातांचा तुकडा परतला नव्हता. तो आणखी पुढे आला होता. नेमका तोच, जो मामांच्या हातोडीखाली बद्द बोलला होता.

तेथे मामांनी पहार घातली, आणि या परीक्षणात टीकाकाराची स्वतःची परीक्षा सुरू झाली. बाहेरचा सिमेंटचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटून आला, आणि त्यामागची माती हाताने पिळावी इतकी ओली होती. न्हाणीच्या मोरीचे पाणी वर्षानुवर्षे भिंतीत मुरत होते. पूर्वी चुना आणि माती ते पाणी उन्हाळ्यात बाहेर सोडून देत. सिमेंटने ती वाट बंद केली. पाणी आतच राहिले, माती विरघळून खाली बसली आणि पडदे सुटे झाले. तो गिलावा मी करवून घेतला होता. पंधरा वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या कादंबरीच्या मानधनातून. भिंत ओबडधोबड दिसते, चार लोक घरी येतात, म्हणून मी ती गुळगुळीत केली. प्रतिकृती फक्त कातडी पाहते म्हणून मी मघापासून तिला बोल लावीत आहे. पंधरा वर्षे मीही कातडीच पाहात होतो, आणि मी तर त्या घरात राहत होतो.

मामांनी तेवढा तुकडा उतरवला. विद्यार्थ्याने प्रतिकृतीवरून दगडांना क्रमांक दिले, खडूने ते दगडांवर लिहिले, आणि उतरवलेला दगड पुन्हा आपल्या जागी गेला. फरक एवढाच की या वेळी आरपार दगड घातले आणि दर्जा चुन्यात भरल्या. मोरी दुसऱ्या बाजूला काढली. पाऊस येण्यापूर्वी काम संपले. चार मजल्यांच्या मानाने खर्च फारच थोडा झाला. पण आप्पांच्या मुलाला खोली मात्र मिळाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्याने लग्नानंतर जुळे सोलापूरला भाड्याने घर घेतले आहे. राखलेल्या भिंतीची किंमत घरातील कोणी तरी देतेच.

तर आता निर्णय. अशा प्रतिकृतीचा गौरव ती अमरत्व देते म्हणून करू नये. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावे आपण रोज घेतो, रिक्षावाल्याला सांगतो. पण त्या वेशी आज नाहीत. त्यांची प्रतिकृती असती तर मी ती मुलांना हौसेने दाखवली असती. पण तिने वेस परत आली नसती. एकदाच केलेली प्रतिकृती ही आठवण असते. आठवणीचे मोल मी कमी लेखीत नाही; मात्र वस्तू जिवंत असताना केलेली आठवण पुष्कळदा तिला जाऊ देण्याची सबब होते. ‘गेलं तरी राहील’ या शब्दांतील धोका तोच.

दुसऱ्यांदा केली की तीच प्रतिकृती शंका घेऊ लागते. तिसऱ्यांदा केली की तिला काही कळू लागते, आणि तेही ज्याचा हात दगडावर फिरला आहे तो शेजारी उभा असेल तर. म्हणून मला असे वाटते की ज्यांच्या हाती असे काम आहे त्यांनी नव्या नव्या इमारतींची चित्रे जमवण्याची घाई थोडी कमी करावी. आपल्या भुईकोट किल्ल्याची तलावाकडील भिंत, किंवा अप्पासाहेब वारदांनी उभारलेले इंद्रभुवन, यांची एकच प्रतिकृती करून समारंभ करण्यापेक्षा त्याच खुणांवरून दर मे महिन्यात ती पुन्हा करावी, मागच्या वर्षीच्या प्रतिकृतीवर ठेवून पाहावी, आणि फरक दिसेल तेथे आधी गवंड्याला न्यावे. त्यात डोळे दिपण्यासारखे काही नाही. दरवर्षी भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप उपटण्यात तरी काय असते? पण जुनी बांधकामे टिकली ती अशाच बिनसमारंभाच्या कामांनी.

माझ्या विद्यार्थ्याच्या कृतीला गुण द्यावयाचे तर पहिल्या प्रतिकृतीला मी पस्तीस देईन, तिसरीला ऐंशी. उरलेले वीस मामांचे आहेत आणि काकूंचे.

आप्पांनी घर विकण्याचा विचार सोडलेला नाही. बिल्डरचा कागद देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली, तसाच आहे. मात्र परवा तेच म्हणाले, ‘‘पुढच्या मेमध्ये त्या पोराला बोलाव. बघू भिंत काय म्हणते.’’ काकूंनी खाट पुन्हा भिंतीशी नेली आहे. मी विचारले, ‘‘आता माती गळते का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘न्हाई. पर सवय लागली हुती, आता झोप लागंना.’’